दगडाखालचे मासे आणि माझं चुकलेलं पत्रक

तुमच्या हातातला हा कागद कोणत्या जंगलातून आला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. आणि मी तर कागदावरच वाढलेली. हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा सरकारी कचेरीत कारकून आणि तिथल्या संघटनेचे चिटणीस. शाळेच्या वह्यांना मी जुन्या पत्रकांची कव्हरं घालायची. माझ्या वयाच्या हैदराबादी मराठी मुलांना मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र ती अडखळायची. मी अडखळत नसे, कारण माझं पहिलं पुस्तक म्हणजे 'बंधूंनो आणि भगिनींनो'.

बाबांचा एक नियम होता. पत्रक सभेच्या आधी निघालं पाहिजे. काय झालं ते नंतर छापणं हे वर्तमानपत्राचं काम. काय व्हायला हवं ते आधी छापणं हे आपलं. मी हा नियम दुधाबरोबर प्यायले होते.

ती वर्षं बाजार खुला होण्याची. कुकटपल्लीकडे दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती, गल्लीत विजेच्या खांबांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि मी बावीस वर्षांची, या सगळ्याच्या विरुद्ध होते. नेमकं कशाच्या विरुद्ध, असं विचारलं असतं तर मी चार पानं लिहून दिली असती.

अशात एका रविवारी आत्या घरी आली. बाबांची ही धाकटी बहीण मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मोपेडवरून यायची, हेल्मेट काढून ते कोथिंबिरीच्या पिशवीशेजारी ठेवायची आणि चहा यायच्या आत मुद्द्यावर यायची.

"मला दोन हात हवेत," ती मला म्हणाली. "मासे मोजायचेत. आदिलाबादकडे, तोडीच्या जंगलात."

तोडीचं जंगल म्हणजे जिथून वनखातं दरवर्षी ठरवून बांबू आणि सागवान काढतं ते. बांबू कागदाच्या गिरण्यांना जातो, सागवान लिलावात.

"तोड थांबवायला चाललीस?" मी विचारलं.

"नाही. कशी केली तर पाणी आणि मासे टिकतील, ते बघायला."

"म्हणजे त्यांच्या बाजूनं."

"माशांच्या बाजूनं. मासे कुठल्या संघटनेत नाहीत ना, म्हणून तुला ओळखू येत नाहीत."

बाबा वर्तमानपत्राआड हसले. मी चिडले, आणि चिडूनच गेले.

आत्याची योजना साधी होती. तिथे शेजारी शेजारी तीन ओढे होते. तिकडे ओढ्याला वागू म्हणतात. पहिल्याच्या आसपास काहीच तोडायचं नाही. दुसऱ्याच्या दोन्ही काठांना दहा पावलांचा पट्टा राखायचा आणि त्यापलीकडे तोडायचं. तिसऱ्याला तीस पावलांचा पट्टा. तोडीच्या आधी तिन्हींतले मासे मोजायचे, तोड आणि पावसाळा उलटला की परत मोजायचे, आणि जे दिसेल त्यावरून पुढच्या वर्षीचा नियम बदलायचा.

"आणि तोही चुकला तर?" मी विचारलं.

"तर परत बदलायचा. इंग्रजीत याला लांबलचक नाव आहे. तू आमटीत मीठ कसं घालतेस? चाखत चाखतच ना?"

"मग तुझं तत्त्व काय?"

"आमटी खारट होऊ नये."

मला हे बुळबुळीत वाटलं. चाखत बसणाऱ्यांनी कधी क्रांती केली आहे का? पण एक गोष्ट मला लगेच कळली. हा पट्टा राखायला वनखात्याच्या हैदराबादमधल्या मोठ्या साहेबांनी फक्त एका वर्षाची परवानगी दिली होती, आणि तीही आत्यानं त्यांच्या कचेरीत दोन वर्षं चपला झिजवल्यावर. सगळ्यात जाड बांबू पाण्याच्या काठाला असतो. तोडीच्या ठेकेदाराला तोच हवा होता. मोजणीनंतर साहेबांसमोर बैठक व्हायची होती, आणि तिथे पट्टा टिकला नाही तर पुढच्या हंगामात कुऱ्हाड थेट पाण्यापर्यंत येणार होती.

सामान आणायला आम्ही बेगम बाजारात गेलो. मच्छरदाणीच्या कापडाचा अख्खा तागा, चार बादल्या, भाताच्या मोठ्या चाळण्या. दुकानदारानं ढीग बघून विचारलं, "किसकी शादी है, मॅडम?"

"मछलियों की," आत्या म्हणाली. तो हसला नाही. त्यानं दोन चाळण्या आणखी काढून दाखवल्या.

पहिली मोजणी दिवाळीनंतर झाली. ओढ्याचा पन्नास पावलांचा तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं मच्छरदाणीनं बंद करायची, आणि मधलं पाणी तीनदा जाळीनं झाडून काढायचं. मासे बादलीत घ्यायचे, मोजायचे आणि परत सोडायचे. जाळी मारायला तिथल्याच वस्तीतली एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. तेलुगू आणि मराठी ती एकाच वाक्यात बोलायची. त्या ओढ्यातला मासा तिच्या घरात रोज शिजायचा, त्यामुळे तिला मोजणीचं कौतुक नव्हतं, काळजी होती. वनखात्याचे रेंजरसाहेब काठावर उभे राहून बघायचे. पिकलेल्या मिशांचे, जुन्या हैदराबादचे, दखनी बोलणारे.

तिन्ही ओढ्यांत मासे भरपूर होते. त्यांत बोटाएवढे पट्टेरी मासे होते, ते दगडाखालच्या पोकळीत राहायचे. दगड हलला की विजेसारखे सुटायचे. पहिल्यांदा एक माझ्या तळहातावर आला तेव्हा मी आकडा सांगायचाच विसरले.

"लिव, अम्मा, लिव," अक्का म्हणाली. "तो पळंल, मग तू काय मोजतीस, पाणी?"

नंतर तोड झाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसऱ्यानंतर दुसरी मोजणी ठरली आणि तिच्या पुढच्याच सोमवारी बैठक.

आता मी काय केलं ते सांगते. बैठक सोमवारी, आम्ही निघणार गुरुवारी. म्हणजे पत्रक बुधवारीच छापलं पाहिजे. माझ्या मनात निकाल पक्का होता. दहा पावलं म्हणजे धूळफेक, तीस पावलं म्हणजे थोडी लाज राखणं, आणि खरी मागणी तोड बंद. मी मराठी मजकूर लिहिला, तेलुगू बाबांनी केला. मथळा होता: 'दहा पावलांच्या पट्ट्यात माशांची कत्तल'.

गल्लीतल्या छापखान्याच्या मालकांनी त्याच वर्षी कॉम्प्युटर घेतला होता, पण आमची पत्रकं अजून शिशाचे खिळे जुळवूनच व्हायची. त्यांनी मथळा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मोजलंत?"

"मोजायला चाललोय."

"मग मोजून या की. मशीन कुठं पळून जातंय?"

"बैठक सोमवारी आहे, काका."

"तुमच्या बाबांचीच मुलगी," ते म्हणाले आणि कागद चढवला.

शुक्रवारी आम्ही पहिला ओढा मोजला. मासे होते तसेच. मग दुसरा, दहा पावलांचा. अक्कानं पहिली जाळी उचलली आणि ती जड होती. दुसरीही. बादलीत पट्टेरी मासे एकमेकांवर आदळत होते, आणि मी वहीत आकडा लिहिताना मान खाली घातली. मासे जिवंत आहेत याचं मला वाईट वाटलं होतं. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

शनिवारी तिसरा ओढा, तीस पावलांचा. ठेकेदाराचा मुकादमही बघायला आला होता. काठाला गर्द सावली, बांबूची कमान, बघूनच डोळे निवावेत असं. पहिली जाळी: दोन झिंगे आणि पाला. दुसरी: पाला. तिसऱ्या वेळी तीन चंदेरी पोरकी पिल्लं. पट्टेरी मासा एकही नाही.

"परत मारा," मी म्हणाले.

अक्कानं परत मारली. काही नाही.

"कोणीतरी सुरुंग लावलाय," मी म्हणाले. "किंवा विष. ठेकेदाराची माणसं. पट्टा निकामी ठरवायला."

रेंजरसाहेब काठावर बसून विडीची राख झाडत होते. "बीबी, सुरुंग का आवाज चार कोस जाता. मैं सुना नइं, गांववाले सुने नइं, तुम हैदराबाद से सुन लिए?"

"मग मासे गेले कुठं?"

"वोइच तो पूछ रऊं मैं भी."

आत्या पाण्यात उभी राहून तळाकडे बघत होती. तेवढ्यात अक्कानं एक दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. खालच्या बाजूला तांबड्या चिखलाचा लपका बसला होता, लिंपल्यासारखा. तिनं दुसरा उचलला. तोही तसाच. तिसऱ्याखाली तिनं बोट घालायचा प्रयत्न केला, बोट जाईना.

"घर बुजलंय," ती म्हणाली. "ऱ्हाणार कुठं चेपा?"

चेपा म्हणजे मासा. आम्ही सगळे धावत, खरोखर धावत, दुसऱ्या ओढ्यावर गेलो आणि तिथले दगड उलटले. स्वच्छ. खाली पोकळी, पोकळीत पट्टेरी शेपट्या. परत तिसऱ्यावर. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि मला भानच नव्हतं की आपण आपल्याच पत्रकाच्या विरुद्ध पुरावा गोळा करतोय.

"चिखल येतो तो वरून," आत्या म्हणाली. "चला वर."

आम्ही ओढ्याच्या कडेनं वर चढत गेलो. पाव तासानं पट्टा संपला आणि समोर तांबडी जखम दिसली. बांबू ओढून नेणाऱ्या बैलगाड्यांची वाट तीव्र उतारावरून सरळ पाण्यात घुसली होती आणि पलीकडे तशीच वर चढली होती. चाकोऱ्या कमरेएवढ्या खोल. पावसाळाभर त्या दोन पन्हाळींसारख्या वाहिल्या असणार. थोडं वर आणखी एक ओलांडणी, त्याच्याही वर तिसरी.

"इथूनच का गाड्या नेल्या?" मी विचारलं.

रेंजरसाहेबांनी चाकोरीत पाय घालून खोली बघितली. "पट्टा चौडा था. उस में से गाडी नक्को, ऐसा हुकम था. तो गाडी घूम के ऊपर से गई." मग विडी पायाखाली विझवत म्हणाले, "ये रास्ता मैंइच डाला था."

म्हणजे ओढा राखायला आम्ही रुंद पट्टा मागितला, त्या पट्ट्यामुळे गाड्या वळसा घालून उताराला लागल्या, आणि उतारानं ओढा गाळानं भरला. ठेकेदारानं नव्हे, कुठल्या विषानंही नव्हे. आमच्या चांगल्या नियमानं.

आत्या मटकन काठावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"चूक सापडली म्हणून कोणी हसतं का गं?" मी म्हणाले.

"सापडली म्हणूनच हसतेय. न सापडता दहा वर्षं आपण हेच करत राहिलो असतो, आणि प्रत्येक जंगलात केलं असतं. आता वाट हलवता येईल. तिथं खाली कातळ आहे बघ, पाणी उथळ. तिथून गाड्या काढल्या तर गाळ होणार नाही."

"तिथं दगडांची फरसबंदी कर सकते," रेंजरसाहेब म्हणाले. ते उठून मोजत चालूही लागले होते.

त्या दुपारी मी जे अनुभवलं ते मला कुठल्याच मोर्चात मिळालं नव्हतं. जग कोणत्या बाजूचं आहे हे मला आयुष्यभर माहीत होतं. ते कसं चालतं हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दगड उलटला की दिसत होतं. मी संध्याकाळपर्यंत दगड उलटत होते, परत ठेवत होते, वहीत लिहीत होते. शेवटी अक्का म्हणाली, "पुरं आता, वागू उचलून नेतीस काय शहरात?"

रविवारी बसमध्ये मात्र छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे आठवले. घरी पोचल्या पोचल्या मी बाबांना सगळं सांगितलं.

"छापलं ते छापलं," ते म्हणाले. "वाटू नकोस हवं तर. पण मागे घेतलं असं जाहीर केलंस तर पुढच्या वेळी आपलं कोण वाचेल?"

"वाटायचंय मला. पाठ कोरी आहे, बाबा. पाठीवर खरं छापते."

"म्हणजे एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला आपल्याच विरुद्ध आपण?"

"ठेकेदाराचा मुकादम शनिवारी तिथंच होता. तो सगळं बघून गेलाय. गप्प बसलो तर तेवढंच सांगतील की रुंद पट्ट्यात मासे मेले. पट्टा जाईल, बाबा."

ते उठून आत गेले. मला तेलुगू बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं. त्यांच्याशिवाय पत्रकाची पाठ अर्धीच राहिली असती. मी मराठी लिहून टेबलावर ठेवलं. पहिलं वाक्य होतं: 'क्षमस्व. पुढच्या बाजूचा मजकूर चूक आहे. आम्ही मोजण्याआधी छापला.' त्याखाली तिन्ही ओढ्यांत काय दिसलं ते, आणि दोन मागण्या. गाड्यांची वाट कातळावरून न्या. दोन्ही पट्टे आणखी एक वर्ष राखा आणि परत मोजू द्या.

सकाळी बघते तर कागदाखाली बाबांच्या ठाशीव अक्षरात तेलुगू मजकूर होता. मराठीत एकच दुरुस्ती. 'क्षमस्व' खोडलं होतं, बाजूला लिहिलं होतं: 'गळा काढू नकोस. माहिती दे.'

छापखान्याच्या काकांनी या वेळी काही विचारलं नाही. गठ्ठा उलटा लावला आणि मशीन सुरू केलं. शाई वाळायच्या आत मी रिक्षात होते.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, दोन कारकून, ठेकेदार आणि त्यांचा मुकादम, आत्या, रेंजरसाहेब, मी. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी पत्रक दिलं. ठेकेदार सभ्य माणूस होते, पांढरा शर्ट, हळू आवाज. पत्रकाचा मथळा त्यांनी साहेबांना वाचून दाखवला.

"साहेब, या ताई लिहितात की दहा पावलांत कत्तल झाली. आमचा माणूस तिथं होता. मासे दहा पावलांतच आहेत, तीसमध्ये नाहीत. मॅडमच्याच वहीत आहे. मग पट्टा हवा कशाला? आणि यांच्यावर विश्वास तरी का ठेवायचा?"

"उलटून वाचा," मी म्हणाले.

कागद उलटल्याचा आवाज झाला. साहेब तेलुगू मजकूर सावकाश वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी रेंजरसाहेबांकडे बघितलं.

"ही वाट कोणी आखली?"

माझ्या चुकीची किंमत फार तर हशा होती. त्यांच्या चुकीची नोंद नोकरीच्या कागदात होणार होती, आणि निवृत्ती जवळ आली होती. ते उभे राहिले.

"मैं आखा, साब. गलती मेरी है. सुधार भी मैंइच करूंगा, एक मौसम दो."

साहेबांनी मग आत्याला विचारलं, "आणि मॅडम, पुढच्या वर्षीची मोजणीही तुमच्या विरुद्ध गेली तर?"

"तर नियम पुन्हा बदलू. परवानगी मी त्याचीच मागतेय, साहेब. माझं खरं ठरवायची नाही."

ठेकेदार म्हणाले की असं दरवर्षी बदलत राहिलं तर धंदा कसा करायचा. आत्या म्हणाली, बाजारभाव रोज बदलतो तेव्हा तुम्ही धंदा करताच की. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी एका वर्षाची मुदतवाढ लिहिली, वाट हलवायचा हुकूम लिहिला, आणि खाली एक ओळ स्वतःहून घातली: मोजणीच्या वेळी ठेकेदाराचा एक माणूस हजर राहावा आणि त्यानं वहीत सही करावी. तेव्हा मला ती ओळ अपमान वाटली. आता वाटतं, त्या कागदावरचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. तोच मुकादम पँट दुमडून पाण्यात उभा होता आणि आकडा माझ्याआधी ओरडत होता. तिसऱ्या ओढ्यात पट्टेरी मासे परतले होते. सगळे नाहीत, पण अक्काला एका कालवणापुरते नक्कीच, असं तिनंच ठरवलं. दुसऱ्या ओढ्यात मात्र या वेळी काठ एका वळणावर ढासळला होता. तिथे दहा पावलं कमी पडली होती. मग नियम पुन्हा बदलला: वळणाशी रुंद पट्टा, सरळ भागात अरुंद. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहीतरी बदललं असेल. बदललं पाहिजे.

तुमच्या घराजवळ ओढा असेल. नसेल तर नाला असेल, आणि तो कोणाच्या तरी ताब्यात असेल. या वर्षी पावसाळ्याआधी एकदा तिथे जा, आणि पावसाळ्यानंतर एकदा. शंभर पावलं चाला, वीस दगड उलटा, खाली काय आहे ते तारीख घालून लिहा. सोबत अशा माणसाला न्या, ज्याचं तुमच्याशी पटत नाही, आणि त्याचीही सही घ्या. तो कागद संबंधित कचेरीत स्वतः नेऊन द्या आणि एवढंच विचारा: हे बघून तुम्ही पुढच्या वर्षी काय बदलणार? उत्तर मिळेपर्यंत परत जा. आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच ठेवा.